थर्मोस्टॅट बदलल्यावर कूलंट गळतंय? गळती कुठून आहे ते असं शोधा

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाला, रेडिएटरकडे वाट उघडून देणारी झडप. ती बदलली, तापमानाचा काटा पुन्हा जागेवर आला, काम फत्ते झालं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली तर पार्किंगच्या फरशीवर तळहाताएवढा ओला डाग. बोट लावलं तर बुळबुळीत, रंग हिरवट किंवा गुलाबी. पहिल्यांदाच स्वतः हे काम केलेल्या माणसाच्या पोटात अशा वेळी गोळा येतो आणि तो लगेच पाना घेऊन दिसेल तो बोल्ट आवळायला लागतो. तेवढं करू नका. गळती नेमकी कुठून आहे हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय एकाही बोल्टाला हात लावायचा नाही, हा या कामातला पहिला नियम. घाईने आवळलेल्या बोल्टापायी अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले किंवा थर्मोस्टॅटच्या झाकणाचा कान तुटला, तर दोनशे रुपयांच्या पॅकिंगचं काम काही हजारांवर जातं.

पुढची सगळी तपासणी घरच्या घरी, साध्या हत्यारांनी करता येते. लागतो तो वेळ, आणि इंजिन थंड होईपर्यंत थांबायचा संयम.

आधी जीव सांभाळा

इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. साधारण तेवढ्या बारचा दाब आत धरलेला असतो. त्या दाबाखाली कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो, त्याच क्षणी ते उकळतं आणि तोंडावर, हातावर उसळतं. वरचा जाड होज, म्हणजे रबरी नळी, हाताने दाबून पाहा. कडक लागला तर आत दाब आहे. मऊ आणि गार लागला तरच झाकणावर जाड फडकं टाकून हळूहळू फिरवा.

दुसरी गोष्ट पंख्याची. इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा आपणहून सुरू होतो. वाकून बघताना ओढणी, टायची टोकं, सैल बाह्या, बोटं त्याच्यापासून लांब ठेवा.

आणि जमिनीवर सांडलेलं कूलंट लगेच पुसून, भरपूर पाणी टाकून धुऊन घ्या. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि विषारी. सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांनी ते चाटलं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, थोडंसं पोटात गेलं तरी जीव जातो. लहान मुलांनाही तितकाच धोका. काढलेलं जुनं कूलंट उघड्या टबात ठेवून चहा प्यायला जाऊ नका. झाकणाच्या डब्यात भरा आणि गॅरेजवाल्याकडे द्या.

ही खरंच गळती आहे का?

नवख्या माणसाची निम्मी धावपळ इथेच वाचते. उन्हाळ्यात एसी लावून आलात तर गाडीखाली पाणी पडणारच. ते एसीचं पाणी: नितळ, बिनवासाचं, बोटावर लगेच वाळणारं, आणि बहुधा डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला पडणारं. कूलंटला रंग असतो, गोडसर वास असतो आणि दोन बोटांत घासलं तर ते चिकट-बुळबुळीत लागतं. पांढऱ्या टिश्यू पेपरने टिपलंत की रंग स्पष्ट दिसतो.

कूलंटच आहे असं ठरलं तरी एक शक्यता उरतेच. थर्मोस्टॅट उघडताना अर्धा-एक लिटर कूलंट सांडतं. ते सगळं खाली पडत नाही. गिअरबॉक्सवरच्या खोलगट जागांत, खालच्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये साचून राहतं आणि पुढचे दोन दिवस चढ-उतारावर, ब्रेक मारताना थोडं थोडं ठिबकत राहतं.

टाकीतली पातळी कमी होणं हीसुद्धा लगेच गळती समजू नका. काम करताना आत हवा शिरते. गाडी दोन-तीनदा गरम-थंड झाली की ती हवा निघून जाते आणि तिच्या जागी टाकीतलं कूलंट आत ओढलं जातं. पहिल्या दोन दिवसांत पातळी बोटभर उतरली आणि मग थांबली, तर ते आतली हवा निघाल्याचं लक्षण. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही उतरतेय, तर गळती आहे. म्हणून रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर टाकीवर पातळीची मार्करने बारीक रेघ मारा. शेजारी तारीख लिहा. आठवणीच्या भरवशावर राहू नका.

पुसा, वाळवा, पावडर टाका

ओल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे पावसात छताची गळती शोधण्यासारखं आहे. सगळंच ओलं दिसतं. थंड इंजिनावर अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडण्या प्लॅस्टिकच्या पिशवीने झाका, थर्मोस्टॅटचा भाग साध्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ करा, फडक्याने पुसा, कोपऱ्यांत हवा मारून पूर्ण वाळवा. कूलंटचे जुने वाळलेले पांढरट-हिरवट थर खरवडून काढा, नाहीतर पुढे जुनी खूण कुठली आणि नवी कुठली हे कळणार नाही. मात्र खरवडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वाळलेला थर हा गळतीने मागे ठेवलेला माग असतो, आणि तो कुठून सुरू होतो हे नंतर उपयोगी पडतं.

आता थर्मोस्टॅटच्या झाकणाभोवती, होजच्या टोकांवर, सेन्सरच्या बुडाशी साधी टाल्कम पावडर भुरभुरा. पातळ थर पुरे. कूलंट पाझरलं की पावडरीत काळसर ओली रेघ उमटते आणि ती रेघ वर जिथे संपते तिथे गळतीचं तोंड असतं. बाजारात कूलंटमध्ये मिसळायचा चमकणारा रंग आणि त्याचा निळा टॉर्चही मिळतो. तो चांगलाच, पण पहिल्या फेरीत टाल्कमने काम भागतं. गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि त्यावर पुढची चाकं कुठे आहेत त्याच्या खुणा करा, म्हणजे थेंब कोणत्या बाजूला पडला ते नंतर सांगता येईल.

थेंब पडला तिथेच वर गळती असेल असं मात्र धरून चालू नका. कूलंट होजच्या पोटावरून, वायरच्या जुडग्यावरून, ब्लॉकच्या कडेवरून हातभर प्रवास करून भलत्याच जागी टपकतं. ओल्या भागातली सगळ्यात वरची जागा शोधायची, हे सूत्र धरून ठेवा.

गळती कधी होते ते बघा

इंजिन थंड असताना, रात्रभर उभ्या गाडीखाली डाग पडतो आणि गाडी गरम झाल्यावर गळती थांबते, तर संशय होजच्या क्लॅम्पवर, म्हणजे होज आवळून धरणाऱ्या कड्यावर घ्या. थंडीत रबर आकसतं, पकड सैल होते. गरम झाल्यावर ते फुगून स्वतःच तोंड बंद करतं. पुण्या-नाशकाकडे डिसेंबरच्या पहाटे हा प्रकार बघायला मिळतो.

थंड असताना कोरडं आणि काटा मधल्या रेघेपर्यंत आल्यावर ओलं होतं, तर दाबाची गळती आहे. पॅकिंग, ओ-रिंग (गोल रबरी रिंग), थर्मोस्टॅटचं तडा गेलेलं झाकण ही नावं पुढे येतात. इंजिन सुरू करा, एसी बंद ठेवा, बोनेट उघडून टॉर्च घेऊन उभे राहा. घाई नको, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत बघा.

आणि मग इंजिन बंद करून आणखी दहा मिनिटं तिथेच थांबा. बहुतेक लोक नेमके याच वेळी बोनेट लावून घरात जातात. इंजिन बंद झालं की पंपही थांबतो, कूलंट फिरत नाही, पण धातूतली उष्णता त्यात उतरतच राहते. काही मिनिटं तापमान आणि दाब वाढतात. इतका वेळ कोरडी असलेली जागा या दहा मिनिटांत ओली झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

झाकण आणि पॅकिंग: पहिला संशय इथेच

काम जिथे झालं तिथेच आधी बघायचं. पुष्कळ पेट्रोल गाड्यांत थर्मोस्टॅट ही सुटी, टोपीसारखी वस्तू असते. ती इंजिनातल्या गोल खाचेत बसते, वरून दोन-तीन बोल्टांचं झाकण येतं आणि मध्ये रबरी रिंग किंवा कागदी पॅकिंग असतं.

माझ्या पहिल्या थर्मोस्टॅटच्या वेळी झालं ते सांगतो. इंजिनाचं तोंड आडवं होतं, वर नव्हे. थर्मोस्टॅट खाचेत बसवला, एका हाताने झाकण धरलं, दुसऱ्या हाताने बोल्ट लावायला गेलो आणि तेवढ्यात तो नखाच्या जाडीएवढा खाली घसरला. बाहेरून काहीच दिसलं नाही. बोल्ट नेहमीसारखे बसले, झाकण सरळ वाटलं. थंड असताना थेंब नाही. काटा मधोमध आला की झाकणाच्या वरच्या कडेतून मोत्यासारखा एकेक थेंब फुगायचा, थरथरायचा आणि होजच्या मागे ओघळून जायचा. दोन दिवस मी होजचा क्लॅम्पच आवळत होतो, कारण ओला दिसायचा तो होज. शेवटी उघडलं तेव्हा थर्मोस्टॅटच्या पितळी कडेवर चंद्रकोरीसारखी चकाकती खूण होती. खाचेत बसण्याऐवजी ती कड झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये चिरडली गेली होती, आणि रबरी रिंग एका बाजूने कापली होती.

तेव्हापासून मी खाचेत सिलिकॉन ग्रीसचे दोन-तीन ठिपके लावतो. थर्मोस्टॅट तिथे चिकटून राहतो, झाकण लावेपर्यंत हलत नाही. झाकण आधी बोटांनी दाबून बघायचं. सगळीकडून सपाट टेकलं पाहिजे. कुठेही डुगडुगलं किंवा एका बाजूला फट दिसली तर बोल्ट आवळून ती फट बुजवू नका. थर्मोस्टॅट खाचेत नाही, असाच त्याचा अर्थ असतो.

झाकण उघडावं लागलंच तर आणखी चार गोष्टी बघा. जुन्या पॅकिंगचा कण चिकटलेला आहे का. तो लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, स्क्रू-ड्रायव्हरने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि तो ओरखडाच पुढची गळती बनतो. झाकण वाकलंय का. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून झाकणाचं तोंड दोन-तीनदा हलकेच घासा, जिथे चकाकी आली नाही तो भाग खोलगट आहे. रबरी रिंग असेल तर तिच्यावर सिलिकॉन गॅस्केट मेकर, म्हणजे सुकून पॅकिंगचं काम करणारा लेप, लावायचा नाही. रिंग स्वतःच दाबून बसण्यासाठी बनवलेली असते, सिलिकॉनवर ती घसरते. आणि जिथे सिलिकॉन खरोखर लागतो तिथे पातळ रेघ पुरते. जास्तीचा आत गळून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. लावल्यावर डब्यावर दिलेला वेळ पाळा, बहुतेकांना पूर्ण सुकायला २४ तास लागतात. तासाभरात कूलंट भरून गाडी काढली तर तो गळणारच.

बोल्टांबद्दल. हे बहुधा ६ मिलिमीटरचे, म्हणजे १० नंबरच्या पान्याचे बोल्ट असतात आणि त्यांना साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. लहान पाना, मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नका. आळीपाळीने, थोडं थोडं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा.

काही गाड्यांत ही भानगडच नसते. रांजणगाव आणि मानेसरला बनलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. २०२० च्या एप्रिलमध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर ते नव्या गाड्यांतून गेलं, पण रस्त्यावर अजून पुष्कळ आहे. त्यात थर्मोस्टॅट आणि त्याचं घर एकच अख्खा भाग असतो, तो हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, टोकाला गिअरबॉक्सच्या वर बसतो. त्याला तीन-चार होज जोडलेले असतात. तिथे हेडशी मिळणारं तोंड आणि प्रत्येक होजची जोडणी वेगवेगळी तपासावी लागते. हात जात नाही तिथे मोबाइलचा कॅमेरा आणि छोटा आरसा वापरा.

होज, क्लॅम्प, सेन्सर

होज वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेला असतो. ओढून काढताना आतला थर फाटतो, बाहेरून मात्र धडधाकट दिसतो. टोक मऊ पडलंय का, चिरा आहेत का, आत बोट फिरवून बघा. टोकच खराब असेल आणि लांबी पुरत असेल तर सेंटिमीटरभर सरळ कापून टाकता येतं. ज्या नळीवर होज चढतो तिच्या टोकाशी एक उंचवटा असतो. क्लॅम्प त्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, त्याच्यावर नाही. स्प्रिंगचा क्लॅम्प असेल तर रबरावरच्या जुन्या खुणेवरच परत बसवा, आणि कंपनीचा चांगला स्प्रिंग क्लॅम्प काढून स्वस्तातला स्क्रूवाला लावू नका. रबर आकसलं-फुगलं तरी स्प्रिंग पकड सोडत नाही.

थर्मोस्टॅटच्या घरावर तापमानाचा सेन्सर असेल तर त्याची ओ-रिंग बघा आणि वायरचा प्लग काढून आत डोकवा. आत ओल असेल तर सेन्सरच गळतोय. हवा काढायचा स्क्रूही याच भागात असतो आणि तो बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा असतो. त्याला प्रेमाने वागवा.

काम केलं तिथे कोरडं, तरी गळतंय

इथे नवखा माणूस स्वतःला दोष देतो आणि तीनदा झाकण उघडतो. जरा आठवा, जुना थर्मोस्टॅट का बदलला होता? तो उघडा अडकलेला असेल तर इंजिन कित्येक महिने पुरतं तापतच नव्हतं आणि दाबही पुरा होत नव्हता. नवा थर्मोस्टॅट त्यावर कोरलेल्या ८२ किंवा ८८ अंशांना उघडतो, इंजिन योग्य तापमानाला येतं, दाब पूर्ण भरतो. मग इतके दिवस गप्प बसलेल्या दुबळ्या जागा बोलायला लागतात: रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथे अ‍ॅल्युमिनियमला जोडलीय ती शिवण, वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र, हीटरकडे जाणारे होज. नवा भाग वाईट निघाला असं नाही, जुन्या भागाचं वय उघड झालं.

पंपाच्या छिद्राखाली ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय. ते छिद्र बुजवायचं नसतं, पंप बदलायचा असतो. पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं, काचेवर आतून तेलकट धुकं आणि केबिनमध्ये गोड वास, तर गळतोय तो हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर.

याउलट जुना थर्मोस्टॅट बंद अडकला होता आणि गाडी एकदा तरी सडकून तापली होती, तर हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगची, शंका मनात ठेवा. बाहेर थेंब नाही, पातळी मात्र उतरतेय. सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा गोड वासाचा धूर. टाकीत सतत बुडबुडे. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा थर. यातलं काहीही दिसलं तर गाडी चालवू नका, मेकॅनिककडे टो करून न्या.

इतकं बघूनही सापडत नसेल तर दाब तपासायचा हातपंप वापरा. चांगल्या मेकॅनिककडे तो असतो. थंड इंजिनावर, रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणाच्या जागी पंप लावून झाकणावरच्या आकड्याएवढाच दाब द्यायचा, त्याहून जास्त नाही. पंधरा मिनिटं काटा स्थिर राहिला पाहिजे. उतरला तर इंजिन बंद आणि पंखा स्थिर असताना, निवांतपणे टॉर्च फिरवून गळती बघता येते. त्याच पंपावर झाकणही तपासून घ्या. झाकणाचं रबर गेलं की टाकीच्या तोंडातून कूलंट उतू जातं आणि माणूस इंजिनात गळती शोधत बसतो.

गळती बुजवणारं द्रावण ओतू नका, असं मी आग्रहाने सांगेन. ते जिथे गळतं तिथेच नाही, जिथे वाट अरुंद आहे तिथेही जमतं.

भरताना आणि त्यानंतर

दुरुस्ती झाली की कूलंट हळूहळू भरा. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, हवेचा स्क्रू सैल, वरचा होज हाताने दाबत-सोडत. स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग धार आली की तो बंद करा. सांद्र कूलंट आणलं असेल तर त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळा, बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार रेडिएटरमध्ये थर धरतात. थर्मोस्टॅटवर छोटं हवेचं छिद्र असेल तर बसवताना ते सगळ्यात वर आहे याची आधीच खात्री केलेली असावी, नाहीतर हवा तिथेच कोंडते.

इंजिन चालू ठेवून हीटरची हवा तपासा. काटा वर आलाय पण हीटरमधून गार हवा येतेय, तर आत हवा अडकलीय किंवा कूलंट कमी आहे. फक्त काट्यावर विसंबू नका. सेन्सरभोवती कूलंटच नसेल तर काटा खाली दिसतो आणि इंजिन आत भाजत असतं.

पहिले तीन दिवस गावातल्या गावातच फिरा. डिकीत दोन लिटर कूलंट, टॉर्च, फडकं आणि एक जास्तीचा क्लॅम्प असू द्या. रोज सकाळी टाकीवरची रेघ आणि खालचा पुठ्ठा बघा. आठवडाभर रेघ हलली नाही आणि पुठ्ठा कोरडा राहिला की मग कसारा किंवा खंबाटकी घाट चढायला हरकत नाही. वर पोहोचल्यावर मात्र गाडी बाजूला घेऊन, बोनेट उघडून, रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणाला हात न लावता, थर्मोस्टॅटच्या कडेवर एकदा टॉर्च मारा.